बॅचलरांचं तळं

"हमूर काय आणि जिताडा काय, अरबाब, मछली तो मछली. हमारे घर में तीन पीढी मछली पाला. मेरे को मत सिखाओ, मैं सिखाएगा."

सदानंद म्हात्रे हे भर मजलिसमध्ये बोलून बसला तेव्हा थंडीचे दिवस होते. थंडीत फुजैराच्या किनाऱ्यावर माणसाला काहीही बोलता येतं. हवा गोड असते, समोर खजूर असतो, आणि गहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतणारा माणूस तुमचा कप रिकामा राहू देत नाही. बस झालं असेल तर कप जरा हलवून दाखवायचा असतो. ही रीत सदानंदला इतक्या वर्षांत जमली नव्हती. त्यामुळे त्या दिवशी त्याच्या पोटात गहवा जास्त गेला आणि तोंडातून शब्द जास्त आले.

अरबाब म्हणजे मालक. ह्या मालकाचं शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात मासळीचं कोल्ड स्टोअर होतं, ट्रक होते, आणि फुजैराच्या बाजूला एका खोराच्या काठावर एक तळं होतं. खोर म्हणजे आपली खाडीच. काठाला तिवरं, तिवरांच्या मुळांत चिंबोऱ्या, ओहोटीला गुडघाभर चिखल. सदानंद पहिल्यांदा तिथं उतरला तेव्हा बॅग खाली ठेवायची विसरून नुसता वास घेत उभा राहिला होता. पेण तालुक्यातल्या खारेपाटात, बांधाच्या पलीकडे, अगदी हाच वास यायचा.

ह्या तळ्यात आता हमूरची पिल्लं काढायची ठरली होती. हमूर इथला मानाचा मासा, लग्न असो की ईद, भातावर तो पाहिजेच. लोकांनी एवढं प्रेम केलं की समुद्रातला हमूर संपत आला. खोराच्या तोंडाशी होडी बांधणारा म्हातारा इद्रीस तारेचे घुमटासारखे पिंजरे खोल पाण्यात सोडायचा. हल्ली ते वर आले की त्यात दोन खेकडे आणि एक चप्पल निघे. म्हणून सरकारी लोक, अरबाब आणि इद्रीससारखे जुने मच्छीमार बसले आणि ठरलं: खास परवानगीनं लहानमोठे हमूर धरायचे, तळ्यात त्यांची वीण करायची, पिल्लं तिवरांत सोडायची. जमलं तर खोर राखीव राहील, तळं राहील, तळ्याकाठचं सदानंदचं घरही राहील. नाही जमलं तर पाणी तापल्यावर साइट बंद, आणि सदानंदनं शारजाच्या कोल्ड स्टोअरमध्ये डबल स्वेटर घालून पेट्या मोजायच्या.

सदानंदला ह्यात काळजीसारखं काही दिसलं नाही. खारेपाटात घरटी तळं असायचं. त्याच्या बापाच्या तळ्यात जिताडा असायचा. पावसाळ्याच्या तोंडाला उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, फळ्या जरा वर केल्या की खाडीचं पाणी आत यायचं आणि त्याबरोबर बोटाएवढी पोरं यायची. मग चार-पाच वर्षं त्यांना करंदी घालायची, निवट्या घालायच्या, आणि संध्याकाळी बांधावर बसून नुसतं पाण्याकडे बघायचं. जिताडा आधी नर असतो आणि अंगानं मोठा झाला की मादी होतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मोठा तो आईच.

ह्या हिशेबानं सदानंदनं पिंजऱ्यातले हमूर निवडले. मांडीएवढे सगळे तळ्यात, ह्या आया. हातभर लांबीचे बाजूच्या टाकीत, हे नवरे. नवरे जरा जास्तच झाले होते.

आता खारेपाटाची आणखी एक रीत आहे. तळ्यातला जिताडा स्वतः फारसा कुणी खात नाही, तो साहेबाला द्यायचा असतो. सातबाऱ्यावर नाव लावायचं असो नाहीतर मुलाला शाळेत घ्यायचं असो, जिताडा पुढे जातो आणि माणूस मागून जातो. पेणच्या बाजूला अशी किती माणसं मार्गी लागली त्याची गणती नाही. सदानंदच्या हाताला ही सवय होतीच, आणि टाकी भरलेली होती. एक हमूर अरबाबच्या चुलतभावाकडे गेला. एक कुठल्याशा ऑफिसातल्या माणसाकडे गेला, त्यानं हात जोडून परत पाठवला, तो सदानंदचा मदतनीस खैरुद्दीन ह्यानं मोहरीच्या वाटणात शिजवला. दोन महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाच्या जेवणात गेले. शेवटचा सदानंदनं जिवंत, आइसबॉक्समध्ये पाणी घालून, दुबईत अल बर्शाला नेला. मुलगा अंकुर तिथं नोकरीला होता, त्याचं प्रमोशन अडकलं होतं, आणि त्याच्या साहेबांचं नाव परेश शहा होतं.

"नवरे सगळे वाटलेत, अवो," प्रमिला म्हणाली. ती सदानंदची बायको, पेणच्याच बाजूची. "लगीन कुनाशी लावणार?"

"नवरा काय गो, हळदीच्या दिवशी आणला तरी चालतो. इद्रीस आणून देईल."

इद्रीसनं आणून दिला. तोवर खास परवानगीची मुदत संपली होती आणि लहान हमूर धरायला एरवी बंदी असते. म्हणून म्हाताऱ्यानं मोठा आणला. चांगला दोन हातांच्या मिठीत येईल एवढा.

एप्रिल आला. पाणी कोमट झालं. सदानंद रोज पहाटे तळ्यावर पालथा पडून पाण्यावर तवंग दिसतो का बघायचा. अंडी तरंगतात, रव्यासारखी. रवा दिसेना. आया एकमेकींना धडका देत होत्या, शेपट्या फाडत होत्या. सदानंद खैरुद्दीनला म्हणाला, बायकांचं असंच असतं, एका नवऱ्यावरून भांडतात. एकीचा कल्ला फाटला तेव्हा त्यानं कंबरभर पाण्यात उतरून तिला पोटाशी धरलं आणि हळद लावली. तिनं त्याच्या मनगटाला चावा घेतला. हळद मग दोघांना लागली.

शेवटी दुबईहून अपर्णा आली. तिशीतली पोरगी, आईवडील पुण्याचे, जन्म इथला, माशांची डॉक्टरीण. तिनं लवंगेच्या तेलाच्या पाण्यात एकेक मासा गुंगवला, पोटाखाली बारीक नळी घातली, ओढून काचेवर धरलं, बघितलं. दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग तिनं नळी धुतली आणि खाली बघून हसू दाबलं.

"काका, दीज आर ऑल बॉइज."

"कुठले?"

"सगळेच. हमूर उलटा असतो जिताड्याच्या. लहानपणी फीमेल, मोठा झाला की मेल. तुमच्या छोट्या ज्या होत्या ना, त्या आया. त्या कुठे आहेत?"

सदानंदला एकदम हळदीकुंकवाचं जेवण आठवलं. रश्शाला काय सुंदर चव आली होती, आणि पोटात अंड्यांची गाभोळी निघाली म्हणून बायकांनी किती कौतुक केलं होतं. गाभोळी बघूनही त्याच्या डोक्यात उजेड पडला नव्हता, तो नुसता "अजून घ्या, अजून घ्या" करत फिरला होता.

"आहेत," तो म्हणाला. "म्हणजे, होत्या."

खैरुद्दीनला मराठी कळत नसे, पण बॉइज कळलं. तो काठावर बसला आणि पोट धरून हसला. ह्या देशात बायकोमुलांशिवाय राहणाऱ्या प्रत्येक पुरुषाला बॅचलर म्हणतात, मग त्याला गावाकडे सात पोरं का असेनात. खैरुद्दीन स्वतः वीस वर्षं बॅचलर होता. दुसऱ्या दिवशी तळ्याच्या कुंपणावर पुठ्ठा लटकलेला होता, त्यावर जागा भाड्यानं देताना लिहितात तसं लिहिलेलं: बॅचलर ओन्ली, नो फॅमिली. जेटीवरची पोरं सकाळी जाता येता तळ्यातल्या माशांना सलाम करू लागली. कुणी विचारी, सदाभाई, तुमच्या कॅम्पात एक बेड स्पेस मिळेल का?

सदानंदनं पुठ्ठा काढला. संध्याकाळी नवा लागला.

अरबाबचा फोन आला तो मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. "सदानंद. तुम बोला तुम सिखाएगा. हम सीख गया. अब गरमी आता, मछली का बच्चा नहीं, तो साइट खलास. तुम शारजा जाएगा. घर का चाबी ऑफिस में."

घर म्हणजे एक जुनी पोर्टाकॅबिन आणि तिच्या दोन बाजूंनी सदानंदनं हळूहळू वाढवलेल्या विटांच्या खोल्या. मागं शेवगा, आळवाचा वाफा. प्रमिलानं अंगणाला खोरातला चिखल आणून चोपला होता, वाळला की तो गावच्या खळ्यासारखा कडक व्हायचा. मंडळातल्या बायका आल्या की सँडल काढून त्यावर उभ्या राहत आणि फोटो काढत. संध्याकाळी तिवरांवर बगळे बसत. ओहोटी लागली की मुळांतून बुडबुडे फुटायचे, बारीक टिकटिक आवाज यायचा. प्रमिला तेव्हा भाजी निवडताना हात थांबवायची. ती काय ऐकते हे सदानंदला माहीत होतं. गावाला असताना ह्याच वेळी सासरा उघाडी बघायला बांधावरून जायचा, आणि तिची सासू दारातून ओरडायची, अवो, चिंबोऱ्या मिळाल्या तर आना. ह्या टिकटिक आवाजातच सासरा वर्षानुवर्षं परत यायचा.

तो बांध एका वर्षी फुटला. खारं पाणी भातात शिरलं ते निघालं नाही. जमिनी गेल्या, तळी भरावानं बुजली, आणि जिथं जिताडा फिरायचा तिथं आता एक मोठं गोडाऊन उभं आहे, निळ्या पत्र्याचं.

"तिकडं गोडाऊन आलं म्हणून आपन निघालो," प्रमिला त्या रात्री ताट वाढताना म्हणाली, "आनि आता सोताच्या पायानं गोडाऊनात जायाचं. जा तुमी. मी येनार नाय."

"मग कुठं राहशील?"

"बॅचलरांत."

तो जेवला नाही. मग जेवला.

वाटलेल्या माशांचा त्यानं माग काढायला घेतला. चुलतभावानं खाल्ला होता, आणि अजून एक मिळेल का असं विचारलं. मंडळाचे दोन तर त्याच्या डोळ्यांदेखत गेले होते. उरला अल बर्शाचा. त्यानं अंकुरला फोन लावला.

"तुझ्या साहेबांनी तो मासा खाल्ला असेल ना रे?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग अंकुर म्हणाला, "पापा, आय टोल्ड यू दॅट डे ऑल्सो. सर जैन आहेत. ते बटाटा पण खात नाहीत."

"मग काय केलं त्यांनी?"

"आय डोन्ट नो. आय हॅव नेव्हर हॅड द करेज टू आस्क."

शुक्रवारी दोघं बापलेक परेशभाईंच्या दारात उभे राहिले. अंकुर मान खाली घालून. परेशभाईंनी दार उघडलं, सदानंदला ओळखलं, आणि त्यांचा चेहरा घरमालक अचानक आल्यासारखा झाला.

हॉलमध्ये सोफा नव्हता. सोफ्याच्या जागी भिंतीएवढी काचेची टाकी होती, आणि टाकीत, निळ्या लाइटखाली, जाड ओठ हलवत हातभर लांबीचा हमूर सगळ्यांकडे तुच्छतेनं बघत होता.

परेशभाईंनी मग सगळी कर्मकहाणी सांगितली. जिवंत जीव घरात आलेला. मारणं शक्य नाही, कुणाला मारायला देणं तर त्याहून पाप. पहिले काही दिवस बाथटबमध्ये ठेवला, दुकानातून समुद्राच्या मिठाच्या गोणी आणल्या, घरातली सगळी माणसं अंघोळीला शेजाऱ्यांकडे. मग टाकी. मग सोफा विकला. माशाला कोळंबी लागते हे कळल्यावर घरात दोन दिवस अबोला होता. शेवटी ड्रायव्हर ठेवतात तसा एक माणूस ठेवला, तो सकाळी येऊन पापणी न लववता कोळंबी टाकून जातो, त्या वेळात घरातले सगळे बाल्कनीत उभे राहतात.

"सदानंदभाई," परेशभाई म्हणाले, "आप की भेंट सर आँखों पर. लेकिन मेरे बाप ने कभी ऐसी भेंट नहीं देखी."

अंकुरचं प्रमोशन का अडकलं हे सदानंदला त्या टाकीसमोर नीट समजलं. पण त्याची नजर माशाच्या पोटावर होती. पोट गोल होतं, भरलेलं. सोफ्याच्या जागेवर ही बया राणीसारखी खाऊन पिऊन अंड्यांवर आलेली होती.

अडचण आली ती परेशभाईंच्या मुलीची. अस्मी, दुसरीतली. ती टाकीला पाठ लावून हात पसरून उभी राहिली. माशाचं नाव स्वीटी होतं.

"शी इज नॉट गोइंग एनीव्हेअर."

सदानंद तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. मुलांशी बोलायला त्याला इंग्रजी लागे आणि इंग्रजी तर येत नसे, म्हणून तो मराठीतच बोलला. तिकडे मोठं तळं आहे, खूप मित्र आहेत, स्वीटीला बाळं होतील, ती तू स्वतः येऊन पाण्यात सोडायची. अंकुरनं खाली मान घालून एकेक वाक्य इंग्रजीत करून दिलं. बापाचं बोलणं लोकांसमोर आपल्या तोंडानं बोलायची त्याची ही पहिलीच वेळ होती. सुरुवातीला तो कानांपर्यंत लाल झाला, पण बाळांपर्यंत येता येता त्यानं हात पसरून तळं केवढं आहे तेही दाखवलं.

"आर यू गोइंग टू ईट हर?" अस्मीनं विचारलं.

"आईची शपथ, नाही."

ह्याचं अंकुरनं भाषांतर केलं नाही. तिला कळलं.

गाडी अंकुर चालवत होता. सदानंद मागं, दोन गुडघ्यांत मोठा आइसबॉक्स धरून, बॅटरीवरचा हवेचा पंप लावून बसला होता. डोंगरातला रस्ता सुरू झाला आणि पंप एकदा घरघरला आणि बंद पडला. दुसरी बॅटरी त्यानं आठवणीनं घेतली होती, आठवणीनंच परेशभाईंच्या शू रॅकवर ठेवली होती.

स्वीटी वर येऊन तोंड वासू लागली. सदानंदनं बाही वर केली आणि हातानं पाणी हापसायला सुरुवात केली. ओंजळ भरायची, उंचावरून सोडायची. भरायची, सोडायची. वळणावर पाणी त्याच्या मांडीवर सांडे आणि मीठ कातड्याला चावे. दंड भरून आले, बोटं वळेनात. त्याला आठवलं, त्याचा बाप साहेबाकडे जिताडा न्यायचा तो डोक्यावर हंडा घेऊन. बांधावरून मुद्दाम हिसके देत चालायचा, पाणी डचमळत राहिलं पाहिजे, नाहीतर मासा गुदमरतो. मागून सदानंद, हातात बापाच्या चपला. साहेबाच्या दारात बाप हंडा उतरवायचा तेव्हा अर्धा भिजलेला असायचा आणि साहेबाची बायको म्हणायची, पायरीवर पाणी सांडू नका. सदानंदला तेव्हा तिचा राग यायचा. बापाला नाही यायचा. बाप घरी येऊन सांगायचा, साहेब खूश झाला, काय मासा होता, आणि हे सांगताना त्याचं तोंड असं व्हायचं, जणू तो मासा त्यानं स्वतः पोटभर खाल्लाय.

"पापा, आय कॅन डू इट फॉर सम टाइम," अंकुर आरशातून म्हणाला.

"तू गाडी चालव."

थोड्या वेळानं अंकुरनं गाडी कडेला घेतली, मागं आला, आणि बापाला पुढं पाठवलं. सदानंदनं गाडी चालवली. आरशात त्याला इस्त्रीच्या शर्टातला आपला पोरगा ओंजळीनं पाणी वर काढून सोडताना दिसत होता. ते नीट बघण्याच्या नादात त्याची वळणाची जागा चुकली आणि फुजैरा आणखी लांब गेलं.

स्वीटी पोचली. जिवंत पोचली. तळ्यात उतरली तेव्हा बॅचलर सगळे एका कोपऱ्यात गोळा झाले. खैरुद्दीन म्हणाला, देखो, शरमा रहे हैं.

त्यानंतर एका सकाळी प्रमिला तळ्यापलीकडे भांडी घासायची राख टाकायला गेली आणि हाक न मारता घरात आली. सदानंद दाढी करत होता. तिनं त्याचा हात धरला आणि साबणासकट ओढत नेलं. पाण्यावर रवा होता. आख्ख्या वाऱ्याकडच्या काठाला, जाड थर.

पुढचे दिवस घरातल्या सगळ्यांनी अंगावरचे ओले कपडे वाळत घालायचे सोडून दिले. प्रमिलानं पुरणाच्या चाळणीला मलमल बांधली आणि अंडी गोळा केली. ती चाळणी परत कधी स्वयंपाकात आली नाही. पिल्लं निघाली ती पापणीच्या केसाएवढी, त्यांना डोळे तेवढे होते. ऊन वाढत चाललं, आणि एका दुपारी, बाहेर अंड्याचं ऑम्लेट जमिनीवर व्हावं अशा वेळी, वीज गेली. जनरेटर एक आचका देऊन थांबला. पिल्लांच्या टाक्यांत हवा बंद.

सदानंद बादली घेऊन धावला. बादलीनं पाणी काढायचं, वरून ओतायचं. खैरुद्दीन धावला. प्रमिला ओचा खोचून. तीन माणसं आणि सहा टाक्या. प्रमिलाला मग काय सुचलं, ती तशीच भिजलेली जेटीकडे गेली आणि तिथं सावलीत पडलेल्या माणसांसमोर उभी राहून मोठ्यानं मराठीत बोलली. काय बोलली ते कुणालाच कळलं नाही. पण बाई घाम आणि चिखलानं माखलेली, हातात रिकामी बादली, ह्याला भाषा लागत नाही. म्हातारा इद्रीस उठला. त्याच्यामागं केरळचे खलाशी उठले, चितगावचे उठले, जे रोज सकाळी बॅचलरांना सलाम करत ते पोरगे उठले. इद्रीसनं अंगातला पायघोळ कंदुरा कमरेला खोचला आणि तो प्रमिलाच्या शेजारी ओळीत उभा राहिला. पाणी ह्या हातातून त्या हातात गेलं, उन्हं कलेपर्यंत. कुणी गाणं म्हटलं नाही, कुणी देवाचं नाव घेतलं नाही, सगळे फक्त धापा टाकत होते आणि मधून मधून इद्रीस सदानंदला हळू आवाजात काहीतरी विचारत होता. ते शेवटी खैरुद्दीननं समजावून दिलं: ह्या खोरात मी लहानपणी हातानं हमूर धरलेत, तो विचारतो, ह्यातले किती मोठे होतील तेव्हा मी असेन?

"इन्शाल्ला," सदानंद म्हणाला. दुसरं काय म्हणणार.

अर्धी पिल्लं वाचली. ती मोठी होताना एकमेकांना गिळू लागली, म्हणून रोज हातानं लहानमोठी वेगळी करावी लागली. ते काम प्रमिलानं केलं. तांदूळ निवडल्यासारखी ताटलीत घेऊन बसायची. तिच्या बोटांची टोकं पाण्यानं पांढरी पडली, मग सोलली.

सोडायचा दिवस ठरला. सकाळच्या भरतीला, तिवरांच्या मुळांत पाणी असताना. मांडव पडला, बॅनर लागला. अल बर्शाहून मंडळाची बस आली. परेशभाई आले, अस्मीनं सगळ्यात आधी तळ्यावर जाऊन हाक मारली, आणि स्वीटी वर आली, असं निदान अस्मीचं म्हणणं होतं. अपर्णा आली. तिनं वेळ तीनतीनदा बजावली होती. पण पाहुणे यायचे होते, ते आले उशिरा. मग भाषणं झाली, अरबीत, मग इंग्रजीत, मग मंडळाच्या अध्यक्षांनी दोन शब्द म्हणून मराठीत. त्यात समुद्रमंथन आलं. समुद्रमंथन संपेपर्यंत खोरात पाणी उरलं नव्हतं. नुसता चिखल चमकत होता आणि लांब मधोमध एक निळी रेघ.

पिल्लं बादल्यांत उलटी व्हायला लागली.

मग कडक चहाचे कागदी कप वाटले होते तेच सगळ्यांनी रिकामे केले. एकेका कपात दोनतीन पिल्लं घेऊन माणसं चिखलात उतरली. कंदुरे वर खोचून पाहुणे, पैठण्या वर खोचून मंडळाच्या बायका, परेशभाई डोळे मिटून मंत्र म्हणत, अंकुर अस्मीला खांद्यावर घेऊन. प्रमिला सगळ्यांच्या पुढं. चिखलात पाय कसा टाकायचा, टाच आधी नाही, बोटं आधी, हे ती मागं वळून वळून सांगत होती. सदानंदनं तिला असं चालताना खूप वर्षांत बघितलं नव्हतं. निळ्या रेघेशी पोचल्यावर तिनं कप पाण्यात आडवा धरला आणि पिल्लं गेली तरी तो तसाच धरून राहिली.

अरबाब सगळ्यात शेवटी आला होता. वर गाड्या लावायला जागा नव्हती, म्हणून सदानंदनंच हात हलवत, यल्ला, यल्ला, पीछे, पीछे, करत त्याची पांढरी लँड क्रूझर खाली खोराच्या घट्ट वाळूवर घेतली होती. तिथं तिवराची सावली चांगली होती, आणि अरबाबनं उतरताना किल्ली सदानंदच्याच हातात टाकली होती.

चिखलातून परत आल्यावर अरबाबनं मांडवातल्या नळाखाली पाय धुतले आणि सगळ्यांसमोर सदानंदच्या खांद्यावर हात ठेवला. "हबीबी, तालाब तुम्हारा. घर भी. शारजा खलास." प्रमिलानं पदर तोंडाला लावला. मग जेवणं झाली. भात होता, मटण होतं, परेशभाईंसाठी वेगळी डाळ होती. हमूर नव्हता. जेवणानंतर पंख्याखाली गाद्यांवर सगळे आडवे झाले, आणि इद्रीसनं जुन्या दिवसांच्या गोष्टी काढल्या. त्या अरबीत होत्या तरी सदानंद शेवटपर्यंत ऐकत बसला.

तेवढ्यात खोरात भरती आली. अरबाबची गाडी आरशांपर्यंत पाण्यात उभी होती. किल्ली सदानंदच्या खिशात होती.